विश्लेषण : भंडाऱ्याच्या रानफुलांचे कॅलेंडर गावानेच का लिहावे?

रानफुले म्हटली की पावसाळ्याच्या अखेरीस बहरणारे साताऱ्याचे कास पठार आठवते. भंडाऱ्याचे वेळापत्रक वेगळे आहे. येथील पानगळीच्या जंगलात मोठी झाडे उन्हाळ्याच्या तोंडावर फुलतात. तळी आणि बांध पावसाळ्यात. त्यामुळे सह्याद्रीचे कॅलेंडर येथे चालत नाही.

कोणते फूल कधी?

काटेसावर आणि पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये, मोह मार्च-एप्रिलमध्ये, बहावा एप्रिल-मेमध्ये फुलतो. पावसाळ्यात कुंपणावर कळलावी दिसते, पाठोपाठ तरोट्याची पिवळी फुले.

ओळखायचे कसे?

निष्पर्ण झाडावरचे प्रत्येक लाल फूल पळसाचे नसते. पळसाचे फूल पोपटाच्या चोचीसारखे बाकदार, देठाकडे काळसर मखमली असते. पांगाऱ्याच्या फांद्यांना काटे असतात. काटेसावरीचे फूल मोठे, पाच जाड पाकळ्यांचे. तळ्यात कमळाचे पान अखंड गोल, तर कुमुदाच्या पानाला देठापर्यंत चीर असते. कळलावी विषारी आहे; फोटो काढा, तोडू नका. मोबाइल ॲपसाठी फुलासोबत पान आणि खोडाचाही फोटो घ्या, म्हणजे चूक टळते.

तारीख का महत्त्वाची?

मोहफुले पहाटे गळतात. ती वेचून, वाळवून विकणाऱ्या कुटुंबांची कमाई काही आठवड्यांचीच. त्यात अवकाळी पाऊस आला की माल सडतो. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो. त्यातून वणवा लागतो, रोपे होरपळतात. बहर कधी येणार याचा अंदाज असेल, तर पाचोळा वेळेत झाडून घेता येतो. पण बहर लवकर आला की उशिरा, हे सांगायला मागील वर्षांच्या तारखा लागतात. त्या वेचणाऱ्यांच्या आठवणीत असतात; कागदावर यायला हव्यात.

काय करता येईल?

त्यासाठी नवी योजना नको. जैवविविधता कायदा, २००२ नुसार ग्रामपंचायतीच्या समितीने लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. ती एकदा भरून कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे. तिच्यात दरवर्षी चार गोष्टी लिहाव्यात : गावातले नाव, ठिकाण, पहिले फूल दिसल्याची तारीख, बहर संपल्याची तारीख. मोह वेचणाऱ्या महिलांनी सांगावे, शाळेतील मुलांनी लिहावे, ग्रामसभेत वाचून दाखवावे.

दहा वर्षांच्या अशा नोंदी कोका किंवा साकोलीच्या एखाद्या गावाकडे असतील, तर हंगाम बदलल्याचे ते गाव पुराव्यासह सांगू शकेल. सुरुवात पळसापासून करावी. तो ओळखायला सोपा आहे.