कूपन कोड नावाचं लिंकिंग

खरीप तोंडावर आला की आमच्याकडे शाळेची पायरी न चढलेल्या माणसाच्याही तोंडी एक इंग्रजी शब्द येतो: लिंकिंग. कृषी सेवा केंद्रात युरिया मागायला जा. ४५ किलोच्या गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे, सरकारने ठरवलेली, गोणीवर छापलेली. दुकानदार म्हणतो, युरिया आहे, पण सोबत नॅनो युरियाची बाटली नाहीतर झिंकची पिशवी घ्यावी लागेल. हे बेकायदा आहे. कृषी खातं दर हंगामात कारवाईचा इशारा देतं, पेपरात बातमी येते, शेतकरी दुकानदाराला शिव्या घालतो आणि बाटली पिशवीत टाकून घरी येतो.

मी पुण्यात सहा वर्षांपासून ऑनलाइन दुकानांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात याच व्यवहाराचं नाव आहे ‘मिनिमम कार्ट व्हॅल्यू’. ‘आणखी १५१ रुपयांची खरेदी करा आणि १०० रुपये वाचवा.’ खाली एक हिरवी पट्टी भरत जाते. तुम्हाला हवा होता फक्त चार्जर, तुम्ही सोबत मोजे घेता. इथे कोणी शिवी घालत नाही. उलट स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतात की बघा, शंभर वाचवले.

या वाचवण्याबद्दल मला भांडायचं आहे, कारण ते आतून कसं बनतं हे मी रोज बघतो.

कूपन म्हणजे डेटाबेसच्या टेबलातली एक ओळ. तिच्यात खाने असतात. कोड काय, टक्क्यात सूट की रकमेत, किमान खरेदी किती, सूट जास्तीत जास्त किती, कधी सुरू, कधी बंद, एका माणसाला किती वेळा, एकूण किती वेळा. इथपर्यंत ठीक. पुढचे खाने बघा: कोणत्या गटातल्या ग्राहकाला, कोणत्या पिनकोडला, कोणत्या बँकेच्या कोणत्या कार्डावर, पहिल्याच ऑर्डरला की नंतरही. ‘५० टक्के सूट’ ही पाटी सगळ्यांना दिसते. मागचे खाने फक्त आम्हाला दिसतात. ग्राहकाला ते ‘नियम व अटी लागू’ एवढ्या चार शब्दांत कळवले जातात.

म्हणजे काम सूट देण्याचं नसतंच. काम असतं कोणाला द्यायची नाही ते ठरवण्याचं. तीनशेला वस्तू घ्यायला तयार असलेल्या माणसाला ती दोनशेला देऊ नये, आणि दोनशेलाच घेणारा हातचा जाऊ नये, यासाठी लावलेली ही चाळणी. अर्थशास्त्रात हे नवं नाही. आर्थर पिगूने १९२०मध्येच एकाच मालाच्या वेगवेगळ्या गिऱ्हाइकांकडून वेगवेगळ्या किमती घेण्याचे प्रकार मांडून ठेवलेत. नवं एवढंच की पूर्वी चाळणी दुकानदाराच्या डोळ्यांत होती, आता ती आम्ही लिहितो आणि ती एका वेळी लाखो लोकांना लागते.

आता कोणी म्हणेल, गावातला दुकानदार तरी कुठे संत आहे? तोही तोंड बघून भाव सांगतो. खरं आहे. माझं गाव अंतरवाली सराटी, तालुका अंबड, जिल्हा जालना. (हो, तेच. २०२३च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या उपोषणामुळे आणि १ सप्टेंबरच्या लाठीमारामुळे तुम्ही नाव ऐकलंय ते. या लेखाचा विषय तो नाही.) गावाकडे खताचा रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा. दिवाळीनंतर कापूस विकून पैसे देणार असाल तर गोणीमागे जास्त पडतात, आणि ते जास्त बऱ्याचदा अन्यायाचं असतं. पण दोन्ही भाव दुकानात उभं राहून ऐकू येतात. शेजारच्याला काय लावलं हे पारावर कळतं. त्यावरून भांडण होतं, पुढच्या वर्षी माणूस दुकान बदलतो. ॲपवर शेजारी नाही. तुम्हाला दिसणारी किंमत आणि तुमच्या बहिणीला दिसणारी किंमत यांची गाठ पडायला कोणी तरी दोन्ही फोन शेजारी धरावे लागतात.

आणि एक गोष्ट तर गावाच्या अगदी उलटी आहे. आमच्याकडे जुन्या गिऱ्हाइकाला मान. उधारी त्याला, तुटवड्यात माल आधी त्याला, लग्नाच्या बस्त्यात सूट त्याला. ॲपवर सगळ्यात मोठं कूपन पहिल्या ऑर्डरला. पाच वर्षं नियमित घेणारी बाई पूर्ण पैसे भरते आणि काल आलेल्याला निम्म्यात मिळतं. कारण टेबलात तिच्या नावापुढे नोंद असते की ही तशीही घेणारच आहे. इमानाची ही किंमत लावली जाते, आणि ती तिच्याकडूनच वसूल होते.

माझ्या गावाचं नाव महाराष्ट्रभर पोचलं, टीव्हीच्या गाड्या महिनोन्‌महिने दारात उभ्या होत्या. मी काम केलेल्या एका दुकानाच्या पिनकोडच्या यादीत मात्र आमच्या भागासमोर दोनच गोष्टी होत्या: माल उशिरा पोचतो आणि परत येण्याचं प्रमाण जास्त. त्यामुळे बहुतेक कूपनांतून तो भाग वगळलेला. यात कोणी दुष्टपणा केला नाही. कोणीतरी फिल्टर लावला आणि जेवायला गेला. कार्डाच्या ऑफरचंही तसंच. दहा टक्के झटपट सूट मोठ्या खाजगी बँकेच्या क्रेडिट कार्डावर. ग्रामीण बँकेत किंवा जिल्हा बँकेत खातं असलेल्याला ती पाटी फक्त वाचायला. तो पैसे माल हातात आल्यावर देतो, कारण आधी पैसे भरून फसलेला असतो, आणि त्यासाठी वर वेगळा आकार भरतो. २०२५च्या ऑक्टोबरात या जादा आकाराच्या तक्रारी केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयापर्यंत गेल्या आणि मंत्र्यांनी चौकशी करत असल्याचं सांगितलं. ज्याच्याकडे कमी आहे त्याने जास्त भरायचं, ही आमच्या टेबलाची बेरीज.

कायदा काय करतो? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात की एकाच वर्गातल्या ग्राहकांमध्ये भेदभाव करू नये आणि ग्राहकांचं मनमानी वर्गीकरण करून त्यांच्या हक्कांना बाधा आणू नये. वाचायला छान. पण आमचं कामच वर्ग पाडायचं आहे. ‘सेगमेंट’ नावाचा खाना भरला की तुम्ही आणि तुमची बहीण वेगळ्या वर्गात गेलात, मग भेदभाव कुठला? नोव्हेंबर २०२३मध्ये डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात तेरा प्रकारांची नावं आहेत. ‘फक्त ७ मिनिटं उरली’ असं खोटं घड्याळ लावणं त्यात बसतं, ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असं बटण लिहून लाजवणंही बसतं. ते चांगलंच झालं. पण घड्याळ खरं असेल, बटण साधं असेल आणि चाळणी तीच असेल, तर त्या यादीत तिला नाव नाही.

माझा खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीवर आहे. जालना जिल्हा बियाण्यांचा. कापसाच्या बीजी-टू बियाण्याच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार दरवर्षी ठरवतं. २०२४-२५ला ८६४ रुपये होती, २०२५-२६ला ९०१ झाली. एखाद्या वाणाला मागणी वाढली की तेच पाकीट ब्लॅकने जातं, हे आमच्याकडे पोराटोरांना माहीत आहे. पण ज्याने बाराशे मोजले त्याला आपण किती रुपयांनी लुटलो गेलो हे रुपयात माहीत असतं. पाकिटावरचा आकडा त्याच्या हातात असतो. त्या आकड्याच्या जोरावर तो तक्रार करतो, निदान शिवी तरी घालतो.

कूपनने हा आकडाच पळवला. छापील किंमत ९९९, ‘आजची’ किंमत ४४९, कूपन लावून ३९९, कार्डाने ३५९. यातली खरी किंमत कोणती? एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किती घेता येतील तेवढी मर्यादा; ती किती फुगवून छापावी यावर बहुतेक मालाला बंधन नाही. म्हणून ९९९ कोणी कधी देतच नाही, तो फक्त खोडण्यासाठी छापलेला आकडा. खरी किंमत माहीत नसलेल्या माणसाला आपण लुटलो गेलो की वाचलो हे कळायला मार्गच उरत नाही. तो ३९९ देऊन खूश होतो.

यावर माझ्या टीममधला एक जण दर वेळी जे. सी. पेनीचं उदाहरण फेकतो. अमेरिकेतली जुनी दुकानांची साखळी. २०१२मध्ये नव्या प्रमुखाने, रॉन जॉन्सनने, कूपनं आणि फुगवलेल्या किमती बंद केल्या, सरळ भाव लावला. वर्षभरात विक्री साधारण पाव हिश्श्याने घसरली आणि एप्रिल २०१३मध्ये त्याला घालवलं. म्हणजे लोकांनाच कूपन हवं असतं, असा त्याचा निष्कर्ष. त्यात तथ्य आहे, नाकारत नाही. स्वस्तात मिळाल्याचा आनंद हा वस्तूपेक्षा वेगळा माल आहे आणि तोही विकला जातो. पण पेनीच्या गिऱ्हाइकांना ती सवय त्याच दुकानाने पिढ्यान्‌पिढ्या लावली होती. आणि इथलं उदाहरण डोळ्यांसमोर असताना अमेरिकेत कशाला जायचं? २००२मध्ये पवईत पहिलं दुकान उघडलेल्या डीमार्टने एमआरपीपेक्षा कमी भाव फळीवरच लिहिला, जो आत येईल त्या प्रत्येकाला तोच. रविवारी संध्याकाळी तिथल्या बिलाच्या रांगेत उभं राहून दाखवा आणि मग सांगा की मराठी माणसाला कोड टाकल्याशिवाय चैन पडत नाही.

हे सगळं आता लिहायचं कारण घरचं आहे. गावातल्या एका बचत गटाला मी ऑनलाइन दुकान लावून दिलं. तूरडाळ, शेवया, कुरडया, शेंगदाण्याची चटणी. वूकॉमर्स फुकट आहे, दोन शनिवार-रविवारचं काम. दुकान उभं राहिल्याबरोबर संभाजीनगरहून मार्केटिंग शिकलेला एक नातलग मुलगा आला आणि म्हणाला, डाळ १६०ला कशाला, २२० लावा, आणि ‘गावरान६०’ असं कूपन काढा. इन्स्टावर टाकू. गटाच्या हिशेबाचं काम बघणाऱ्या माझ्या चुलतीने विचारलं, “मंग ज्याला ते कूपन घावलं नाही, त्यानं दोनशे वीस द्यायचे?”

“हो काकू. त्याला परवडतंय म्हणूनच तो देतो ना.”

“परवडतंय का घावलं नाही, ते तुला कसं रे कळतं?”

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या कंपनीतही नाही.

सगळ्याच सवलती वाईट असं मी म्हणत नाही. कुरिअर अर्ध्या किलोला जेवढे घेतं त्याच्या दुप्पट दोन किलोला घेत नाही. हा फरक खरा आहे, तो गिऱ्हाइकाला सांगून द्यावा. माल फुटून पोचला तर त्या माणसाच्या नावाने पुढच्या खरेदीचं व्हाउचर पाठवावं. कोणाला भेट म्हणून पाचशेचं व्हाउचर विकत घ्यायचं असेल तर ते आगाऊ भरलेले पैसेच आहेत. संक्रांतीला भाव कमी करायचा तर तो वस्तूच्या पानावरच कमी दिसावा, कोड न मागता. शॉपिफायसारख्या ठिकाणी ही आपोआप लागणारी सूट वेगळी देता येते, वूकॉमर्समध्ये वस्तूला तारखांसह सेलची किंमत लावता येते. अवघड काहीच नाही. आणि तुमच्यापैकी जे घरच्यांसाठी, मित्रासाठी असं छोटं दुकान लावून देताहेत, त्यांनी ‘कूपन कोड आहे का?’ ही रिकामी चौकट पैसे भरायच्या पानावर ठेवून बघावी. ज्याच्याकडे कोड नाही त्याला ती सांगते की तुझ्याआधी कोणी तरी स्वस्तात घेऊन गेलंय. तो कोड शोधायला बाहेर पडतो आणि बरेचदा परत येत नाही.

वूकॉमर्सच्या जनरल सेटिंगमध्ये कूपन वापरू देण्याची एक टिकमार्क आहे. ती काढली की चौकट जाते. आम्ही काढली. डाळ १६०, कुरिअर वेगळं, किती ते वजनाप्रमाणे आधीच दिसतं. गेल्या आठवड्यात नाशिकच्या एका ताईंनी व्हॉट्सॲपवर विचारलं, काही कोड आहे का. चुलतीने व्हॉइस नोट पाठवली की कोड नाही, पण ताई, दोन किलो घेतली तर कुरिअर किलोमागं कमी पडतंय. निळ्या टिका आल्यात. ऑर्डर अजून आलेली नाही.