परक्याला स्वस्त कोण करतो?

२०२५ सालच्या पितृपक्षातली गोष्ट. माझा पुतण्या दादाच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या श्राद्धासाठी अमेरिकेहून पुण्याला आला होता. सर्वपित्री अमावास्या रविवारी, २१ सप्टेंबरला होती. शनिवारी पहाटेच त्याचा फोन वाजू लागला. आदल्या दिवशी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका फतव्यावर सही केली होती. परदेशी तंत्रज्ञाला एच-१बी व्हिसावर बोलावायचे तर मालकाने १ लाख डॉलर भरावेत, आणि अंमल रविवारच्या पहिल्या मिनिटापासून. हा नियम नव्यांनाच की जुन्यांनाही, हे कोणालाच धड ठाऊक नव्हते. कंपनीच्या वकिलांचा निरोप एवढाच होता, की मुदतीच्या आत परत या. दुपारच्या विमानाचे तिकीट अव्वाच्या सव्वा भावाने मिळाले. तो तिकडे उतरेपर्यंत खुलासा आला, की जुन्या व्हिसाधारकांना हे लागू नाही. रविवारी दादाचे श्राद्ध माझ्या हातून झाले.

त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीतले एक निवृत्त स्नेही आले. बराच वेळ गप्प बसून ते म्हणाले, “पोराचे हाल झाले, वाईट वाटते. पण खरे सांगा, त्या ट्रम्पचे चुकले काय? आपण मुंबईत वेगळे काय मागत होतो?”

मला चटकन उत्तर सुचले नाही. कारण माझी बँकेतली नोकरी त्याच मागणीच्या काळातली. शिवसेना १९६६ साली स्थापन झाली आणि सत्तरच्या दशकात बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या यांच्या दारात स्थानिकांच्या भरतीसाठी मोर्चे धडकू लागले. मी परीक्षा देऊन लागलो हे खरे. पण मुलाखतीला बसलेल्या साहेबांची मराठी मुलांकडे पाहण्याची नजर त्या मोर्च्यांनी बदलली होती, हे मी नाकारणार नाही. म्हणजे आमच्या एकाच घरात काका भूमिपुत्र म्हणून पोटाला लागला आणि पुतण्या परका म्हणून. दोघांपैकी एकाचीच बाजू घ्यायची तर ती कोणत्या तोंडाने?

शेजारच्या खुर्चीतला माणूस

पुतण्या २०१३ साली अमेरिकेत गेला. तिथल्या पहिल्याच कामावर त्याला एका गोऱ्या गृहस्थाच्या शेजारी बसवले. वय पन्नाशीच्या पुढे, त्या कचेरीत वीसेक वर्षे काढलेली. पुतण्याने त्याच्याकडून सारी संगणक प्रणाली समजून घ्यायची होती. दोन-तीन दिवसांनी त्याच्या ध्यानात आले, की हा माणूस शिकवतो आहे तो आपली जागा रिकामी करण्यासाठी. शेवटपर्यंत शिकवले नाही तर जाताना मिळणारी रक्कम मिळणार नाही, अशी अट होती. “काका, तो माझ्यावर कधी चिडला नाही,” पुतण्या मला सांगत होता. “फक्त एकदा म्हणाला, तुझा पगार किती ते मला सांगू नकोस.”

ही घटना एकट्या-दुकट्याची नाही. फ्लोरिडात ऑर्लँडो येथील डिस्नेच्या सुमारे अडीचशे संगणक कर्मचाऱ्यांना २०१४ च्या अखेरीस नारळ देण्यात आला. त्यांतल्या काहींना आपल्या जागी येणाऱ्या, व्हिसावरच्या माणसांना शिकवून जावे लागले. २०१६ च्या फेब्रुवारीत सिनेटच्या उपसमितीपुढे त्यांच्यातला एकजण हे सांगता सांगता रडला. काहीजण कोर्टात गेले, पण दावे टिकले नाहीत. त्याचे कारण मुळात समजून घेतले पाहिजे.

एच-१बी व्हिसा १९९० च्या कायद्याने आला. वर्षाला ६५ हजार ही मर्यादा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी संगणकाचा धंदा तेजीत आला तेव्हा ती वाढवत १ लाख ९५ हजारांवर नेली आणि २००४ मध्ये पुन्हा ६५ हजारांवर आणली. अमेरिकेतच पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी २० हजार जागा वेगळ्या ठेवल्या. अलीकडच्या वर्षांत मंजूर होणाऱ्या अर्जांत भारतीयांचा वाटा ७० टक्क्यांहून अधिक असतो. हैदराबाद आणि बंगळूर यांच्यासारखेच पुणेही या वाटेवरचे मोठे स्टेशन.

कायद्यात स्थानिकांच्या संरक्षणाची कलमे नाहीत असे नव्हे. ज्या कंपन्यांत व्हिसाच्या माणसांचे प्रमाण ठरावीक मर्यादेहून जास्त असते त्यांनी आधी अमेरिकी उमेदवार शोधावा आणि अमेरिकी माणसाला काढून परदेशी नेमू नये, असे १९९८ च्या दुरुस्तीत आहे. पण लगेच पुढे पळवाट आहे. व्हिसाच्या माणसाला वर्षाला ६० हजार डॉलर दिले, की ही बंधने त्याच्यापुरती गळून पडतात. १९९८ साली ६० हजार डॉलर हा भरभक्कम पगार होता. पुढे पाव शतक उलटून गेले तरी त्या आकड्याला कोणी हात लावला नाही.

पगाराचेही तसेच. मालकाने ‘प्रचलित वेतन’ द्यावे असा दंडक आहे. त्याच्या चार पायऱ्या ठरवून दिल्या आहेत आणि खालच्या दोन पायऱ्या त्या भागातल्या, त्या कामाच्या मधल्या पगाराच्याही खाली येतात. २०१९ साली मंजूर झालेल्या पदांपैकी सुमारे ६० टक्के पदे याच दोन पायऱ्यांवरची होती. म्हणजे कायदा मोडावा लागतच नाही, कायदा पाळूनच माणूस स्वस्तात मिळतो.

अर्थशास्त्रज्ञांचे भांडण

मग परक्यांमुळे स्थानिकांचे पगार पडतात, असे सरसकट म्हणता येईल का? या प्रश्नावर अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी आयुष्ये वेचली आहेत. त्यांच्या भांडणाचे मुख्य मैदान म्हणजे मायामी शहर.

१९८० च्या एप्रिलमध्ये फिडेल कॅस्ट्रो यांनी क्यूबातले मारिएल बंदर खुले केले आणि ऑक्टोबरपर्यंत सव्वा लाख क्यूबन माणसे होड्यांतून फ्लोरिडाला पोहोचली. त्यांतली निम्मी मायामीत राहिली. शहरातल्या कामकऱ्यांची संख्या काही महिन्यांत ७ टक्क्यांनी वाढली. पगार कोसळायला हवे होते. डेव्हिड कार्ड यांनी १९९० साली हिशेब मांडला तेव्हा पगारांवर वा बेकारीवर जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही. पुढे २०२१ साली कार्ड यांना नोबेल मिळाले. पण त्याआधीच जॉर्ज बोरहास यांनी तीच आकडेवारी पुन्हा चाळली आणि सांगितले, की शाळाही पुरी न केलेल्या पुरुषांपुरते पाहिले तर पगार १० ते ३० टक्के घसरले. त्यावर इतरांनी आक्षेप घेतला, की इतक्या लहान नमुन्यावर एवढा निष्कर्ष उभा राहत नाही. त्या वर्षांत पाहणीत घेतलेली माणसेच बदलली होती. गंमत अशी, की परक्यांमुळे स्थानिक गरिबाचे नुकसान होते हे सांगणारे बोरहास स्वतः हवानात जन्मलेले, १९६२ साली निर्वासित म्हणून आलेले.

भांडण मिटलेले नाही, पण दोन्हीकडच्या बऱ्याच जणांना मान्य असलेली एक गोष्ट आहे. एकूण सरासरीवर दीर्घकाळात परिणाम फार थोडा होतो. जो होतो तो अगदी कमी शिकलेल्यांवर, आणि त्याहून जास्त आधी आलेल्या स्थलांतरितांवर. नवा येणारा धक्का देतो तो बहुधा कालच्या परक्याला.

अर्थात सरासरी ही फसवी चीज आहे. पुतण्याच्या शेजारी बसलेल्या त्या माणसाला सरासरी ऐकवून काय उपयोग? त्याची नोकरी गेली, ती पूर्णच गेली. अर्थशास्त्रज्ञ खरे बोलतात म्हणून तो खोटा ठरत नाही.

टोमॅटो आणि संप

मग परक्यांना बंदीच घातली तर? हा प्रयोगही अमेरिकेने करून पाहिला आहे. दुसऱ्या महायुद्धात शेतमजूर कमी पडले म्हणून १९४२ साली मेक्सिकोशी करार झाला. ‘ब्रासेरो’ नावाने ओळखली गेलेली ही योजना २२ वर्षे चालली आणि तिच्याखाली सुमारे ४६ लाख करार झाले. ब्रासेरो मजुराला ठरलेल्या मालकाकडेच राबावे लागे. तक्रार केली तर परतीची वाट दाखवली जाई. अमेरिकी शेतमजुरांची मजुरी यामुळे वर येत नाही, अशी ओरड होती आणि ती रास्त होती. अखेर १९६४ संपताना योजना बंद झाली.

मजुरी वाढली का? मायकेल क्लेमेन्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात राज्याराज्यांची तुलना केली. जिथे ब्रासेरो जास्त होते तिथेही त्यांच्या जाण्यामुळे मजुरी वेगाने वाढल्याचे दिसले नाही. बागाईतदारांनी दुसरी वाट धरली. डेव्हिसच्या विद्यापीठात टोमॅटो तोडणीचे यंत्र आणि त्या यंत्राचा मार सोसणारा टणक टोमॅटो तयारच होता. दशक संपेपर्यंत कॅलिफोर्नियातला सॉससाठीचा टोमॅटो जवळजवळ सगळा यंत्राने तोडला जाऊ लागला.

द्राक्षांच्या मळ्यांत मात्र वेगळे घडले. १९६५ च्या सप्टेंबरात डेलानो येथे लॅरी इट्लियाँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला. आठवड्याभरात सीझर चावेझ यांची, मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या मजुरांची संघटना त्यात उतरली. पाच वर्षे झुंज चालली आणि १९७० मध्ये बागाईतदारांनी करारावर सह्या केल्या. ब्रासेरो असते तर संप मोडायला त्यांनाच आणले असते, हेही तितकेच खरे; म्हणूनच चावेझ यांचा त्या योजनेला कडवा विरोध होता. पण मजुरी वाढवून घेतली ती दोन वेगवेगळ्या देशांतून आलेल्या, मात्र काम सोडून उभे राहू शकणाऱ्या माणसांनी.

इथे मला माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. स्थानिकाचा भाव पडतो तो शेजारी परका आला म्हणून नव्हे. शेजारी असा माणूस आणून बसवला, की ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, तर भाव पडतो. आपल्याकडे ऊसतोडीला निघालेल्या कामगाराने मुकादमाची उचल घेतली, की हंगामभर त्याचे तोंड बंद. माझ्या पुतण्याने उचल घेतलेली नाही, तरी त्याचेही तोंड बंदच आहे. नोकरी गेली तर नवा मालक शोधायला त्याला ६० दिवस मिळतात. नोकरी बदलणे २००० सालच्या कायद्याने सोपे केले खरे, पण ग्रीन कार्डाचा अर्ज मालकाच्या हाती. नवा मालक धरला, की त्यातल्या अनेक पायऱ्या पुन्हा चढायच्या. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार आणि कोणत्याही एका देशाला त्यांतली साधारण ७ टक्के, मग तो देश भारताएवढा असो की आइसलँडएवढा. तेव्हा रांग दशकांची. पगारवाढ मागू का, असे तो कधी विचारतो तेव्हा मीच त्याला म्हणतो, “कार्ड हातात येऊ दे.” हा सल्ला देताना त्या शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचा पगारही मी खाली ओढत असतो, हे मला फार उशिरा कळले.

१ लाख डॉलरच्या फतव्याने यातले काय सुधारते? उलट ज्याच्यासाठी मालकाने एवढे पैसे मोजले त्याला तो आणखी घट्ट बांधून ठेवील. आणि मोजायचे नसतील तर कामच इकडे पाठवील. ब्रिटा ग्लेनन यांच्या अभ्यासात हेच दिसले होते, की एच-१बीच्या जागा आटल्या तेव्हा बहुराष्ट्रीय कंपन्यांनी कॅनडा, चीन आणि भारतातल्या आपल्या शाखा वाढवल्या. म्हणजे खुर्ची ऑर्लँडोहून उठून हिंजवडीत येईल. अमेरिकी माणसाला ती मिळेलच असे नाही. खरा उपाय दिसायला साधा आहे. तो ६० हजारांचा आकडा आजच्या भावाने वाढवा, मधल्या पगाराखाली कोणालाही आणू देऊ नका, आणि व्हिसा मालकाच्या नव्हे तर माणसाच्या नावावर करा. मग ज्याची खरोखर गरज असेल तोच परदेशी बोलावला जाईल आणि स्वस्त म्हणून कोणी बोलावणार नाही. मालकांची मोठी गैरसोय यात आहे, म्हणूनच हे होत नाही. त्यापेक्षा परक्याकडे बोट दाखवणे सगळ्यांनाच सोपे पडते.

स्नेही पुढच्या रविवारी पुन्हा आले तेव्हा मी हे सारे त्यांना सांगितले. ते म्हणाले, “म्हणजे आपले मोर्चे चूकच होते म्हणा की!” मी म्हणालो, चूक नव्हते, अर्धवट होते. नोकरीत आपल्याला डावलले जाते हा राग खरा होता. पण राग धरला तो शेजारच्या टेबलावरच्या कारकुनावर; भरती करणारा साहेब जागच्या जागी राहिला. पुढे त्याच कचेऱ्यांत कायम जागा भरणे कमी झाले, कंत्राटी माणसे आली, आणि ती मराठी असली तरी त्यांचा पगार काही वाढला नाही.

स्नेही जाताना फाटकाशी थांबले. आमच्या सोसायटीचा रखवालदार बिहारचा आहे. बारा तासांची पाळी करतो, सुट्टी नाही, आणि त्याचा पगार कंत्राटदाराच्या हातून जातो. कंत्राटदार बदलू म्हणून गेल्या सभेत विषय निघाला होता. तेव्हा “स्वस्त पडतो, राहू द्या” असे म्हणून हात वर करणाऱ्यांत आम्ही दोघेही होतो.