मृत्युपत्र खरे, पण हिशेब कुठे?

मृत्युपत्रावरून भांडण लागले की सगळे सहीवर तुटून पडतात. बाळासाहेब ठाकरे नोव्हेंबर 2012 मध्ये गेले. त्यांच्या मृत्युपत्राला त्यांचे चिरंजीव जयदेव ठाकरे यांनी उच्च न्यायालयात घेतलेली हरकत 2018 मध्ये मागे घेतली गेली. तिथेही प्रश्न मृत्युपत्राच्या खरेपणाचाच होता. मोहाडी तालुक्यातल्या धानाच्या बांधीचे भांडणही याच वाटेने जाते. पण मृत्युपत्र निखालस खरे असूनही वाटेकरी बुडू शकतो, कारण मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्या एक्झिक्युटरला हिशेब कोणी विचारत नाही. भारतीय वारसा अधिनियम, 1925 च्या कलम 317 प्रमाणे त्याने प्रोबेट (मृत्युपत्रावर न्यायालयाची मोहोर) मिळाल्यापासून 6 महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात जमाखर्च न्यायालयात द्यायचा असतो. मेख आहे ती प्रोबेटमध्ये. मोहाडीच्या शेतीला प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती. मृत्युपत्राची प्रत तलाठ्याकडे जाते, फेरफार होतो, सातबारा बदलतो आणि काम झाले असे सगळे धरून चालतात. ठेक्याचे पैसे, बँकेतली ठेव, विकलेली बैलजोडी यांतले सातबाऱ्यावर काहीच उमटत नाही.

घरचाच माणूस फुकट राबतो, त्याला हिशेब मागायचा म्हणजे अविश्वास दाखवायचा, असे यावर म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. कर्जे आधी फेडायची असतात, आणि मृत्यूपासून वर्ष होईपर्यंत वाटा देण्याची सक्ती कायदाही त्याच्यावर करत नाही. तेरवी आटोपताच त्याच्या दारात उभे राहणे अन्यायाचेच. मात्र हे वर्ष मालमत्ता गोळा करायला दिलेले आहे, गप्प बसायला नाही. त्याच्या हलगर्जीने नुकसान झाले तर ते त्याला पदरचे भरून द्यावे लागते, तेव्हा पावत्या जपण्यात त्याचेच हित आहे. दुसरी अडचण खर्चाची, आणि ती खरी आहे. एक्झिक्युटरला हटवायचे तर कलम 301 खाली अर्ज उच्च न्यायालयात करावा लागतो, म्हणजे मोहाडीकराला नागपूर गाठावे लागते. म्हणून तो उपाय शेवटचा. आधी पोच घेऊन लेखी हिशेब मागावा. प्रोबेट घेतलेले असेल तर यादी किंवा हिशेब जाणूनबुजून न देणे हे कलम 263 प्रमाणे ते रद्द होण्याचे कारण ठरू शकते. आणि जे आज मृत्युपत्र लिहायला बसले आहेत त्यांनी त्यात एक ओळ वाढवावी: वर्षाच्या आत सर्व वाटेकऱ्यांना लेखी हिशेब द्यावा.