जाडी बघून कादंबरी नाकारू नका



चातुर्मासात वाचन मंडळाने कोणती कादंबरी घ्यावी, यावर चर्चा झाली. मी ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ सुचवली. लगेच तीन हरकती आल्या: फार मोठी, फार जुनी, फार रडकी. त्याऐवजी ‘हलकंफुलकं काहीतरी’ घ्यायचं ठरत आलंय. मला हे मुळीच पटलेलं नाही.

आधी लांबी. मी कॉमर्सची, म्हणून हिशेबच मांडते. पुस्तक पाचशे पानांचं धरलं, तरी रोज पाच पानं वाचून शंभर दिवसांत संपतं. चातुर्मासात सहज बसतं, वर काही दिवस शिल्लक. स्वाध्यायाला आपण जाडजूड ग्रंथ असेच थोडे थोडे वाचून पुरे करतो, तिथे कुणी पानं मोजत नाही. शिवाय आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ही कादंबरी त्यातून क्रमशः छापली. म्हणजे ती हप्त्यानेच वाचायची वस्तू आहे.

‘रडकी’ म्हणणारीने पुस्तक उघडलेलं नसावं. यमू आपली गोष्ट स्वतः सांगते. तिचं बालपण, माहेर, सासर, तिला शिकवणारा नवरा, मुंबईतले सुखाचे दिवस, हे सगळं सावकाश येतं. म्हणूनच पुढे वैधव्य आणि केशवपन येतं तेव्हा ती कुणी परकी राहत नाही, आपल्या घरातली झालेली असते. मोबाइलवरच्या चार ओळींच्या सारांशात हे कसं यायचं? इथे लांबीच काम करते.

आणि जुनी? केशवपन गेलं, मान्य. पण हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं नाही, हे आपल्यातल्या कितीतरी घरांत आजही न बोलता पाळलं जातं. हे ठरवताना त्या बाईला कोण विचारतं? पुस्तकाच्या नावातच तो प्रश्न आहे.

बायकांना हलकंच झेपतं, असं दुसरं कुणी म्हणालं तर आपण भांडायला उठू. मग आपणच आपल्याबद्दल तसं का ठरवायचं?

ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांच्यासाठी दर बैठकीत एक प्रकरण मोठ्याने वाचू. पाळी लावा, पहिली माझी.