उत्तर आधी, रीडिंग नंतर

फर्स्ट इयरला फिजिक्स लॅबमध्ये आमच्या अख्ख्या बॅचच्या पेंड्युलमने ‘जी’ची किंमत ९.८१ दिली. एकाचंही चुकलं नाही! गंमत अशी की महाराष्ट्रात ती असते ९.७८-९.७९ च्या आसपास. म्हणजे ज्याने खरंच मोजलं, त्याचंच जर्नल ‘रिपीट’ शेरा घेऊन परत आलं असतं.

हे आठवलं ते रिकमुळे. अमेरिकेत ब्रुकहेवनला २००० साली सुरू झालेल्या या यंत्रात सोन्याची अणुकेंद्रकं एकमेकांवर आदळवली. त्यातून उठणारा गोळा किती मोठा? मिलिमीटरचे लाख कोटी भाग करा, त्यातले काही मोजके. पट्टी कुठली लावणार? तर बाहेर पडणाऱ्या पायॉनच्या जोड्या बघतात. सारखे दोन पायॉन जवळजवळ एकाच संवेगाने जरा जास्तच वेळा सापडतात (बोस-आइनस्टाइनची कृपा), आणि गोळा लहान तितका हा परिणाम संवेगात जास्त पसरतो. मूळ युक्ती हॅनबरी ब्राऊन आणि ट्विस यांची. १९५६ साली त्यांनी लष्करी सर्चलाइटचे दोन आरसे लावून व्याध ताऱ्याचा कोनीय व्यास मोजला. ब्राऊन जन्माने निलगिरीचा आणि पेशाने रेडिओ इंजिनिअर, बरं का! हे शक्यच नाही, असं तेव्हा बऱ्याच फिजिक्सवाल्यांचं मत होतं.

पण ‘जास्त’ म्हणजे कशापेक्षा? आपल्या मेसचं घ्या. आठ वाजता दोघं एकदम आत शिरले म्हणून ते दोस्त ठरत नाहीत. आठला सगळेच येतात. म्हणून सोमवारचा एक आणि मंगळवारचा एक अशा खोट्या जोड्या लावायच्या आणि खऱ्या जोड्यांना त्यांनी भागायचं. उरेल ती दोस्ती. रिकमध्येही एका टकरीतला पायॉन दुसऱ्या टकरीतल्याशी जोडून असाच भागाकार करतात. माझ्या मते अख्ख्या प्रयोगातलं सगळ्यात प्रामाणिक काम हेच.

एवढं करून उत्तर थिअरीशी जुळेना. गोळा एका दिशेने लांबट दिसायला हवा होता, तो तसा दिसेना. पण कोणी रीडिंग बदललं नाही. कोडं वर्षानुवर्षं तसंच छापलं गेलं. २००९ मध्ये स्कॉट प्रॅट यांनी दाखवलं की दोष थिअरीच्या गृहीतकांत होता, तोही एक मोठा नव्हे, बरेच छोटे छोटे.

आपल्याकडे असं रीडिंग आलं असतं तर रात्री हॉस्टेलवर खोडरबर फिरला असता. दोष फक्त आपला नाही. टर्मवर्कचे मार्क ‘बरोबर’ उत्तराला असतील तर पोरं उत्तरच आणणार. सर, मॅडम, एक विनंती आहे. पुढच्या टर्मला एका तरी प्रॅक्टिकलला उत्तराचे मार्क शून्य ठेवा. सगळे मार्क ‘का चुकलं’ला द्या. सुरुवात पेंड्युलमपासून केली तरी चालेल.