मंडी आणि लष्कर

म्हैसूरच्या जुन्या वस्त्यांना ‘मोहल्ला’ म्हणण्याची रीत आहे. शहराच्या उत्तर भागात मंडी मोहल्ला आहे आणि त्याच्या जवळच लष्कर मोहल्ला. मंडी म्हणजे बाजारपेठ, लष्कर म्हणजे फौज. कोणत्याही देशाला ज्या दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, त्याच जणू इथे शेजारी-शेजारी नांदत आहेत! पोट भरायला व्यापार हवा आणि भरल्या घराची राखण करायला शिपाई हवा. पंचाईत कुठे होते? मालाचे मोठे गिऱ्हाईक एक, शस्त्रे देणारा दुसरा आणि त्या दोघांत हाडवैर, असे असले की!

या मातीला ही पंचाईत जुनी आहे. मंडी मोहल्ल्यापासून श्रीरंगपट्टण जेमतेम पंधरा किलोमीटर. अठराव्या शतकात तिथून राज्य करणाऱ्या हैदरअली आणि टिपू सुलतान यांच्यासमोर इंग्रज आणि फ्रेंच अशा दोन परदेशी सत्ता होत्या. टिपूने फ्रेंचांचा हात धरला. पण 1783 मध्ये युरोपात इंग्रज-फ्रेंचांचा तह ठरल्याची बातमी आली आणि मंगळूरच्या वेढ्यातून फ्रेंच पलटण बाजूला झाली. टिपू एकटा पडला. 1788 मध्ये त्याचे वकील थेट फ्रान्सच्या राजाच्या दरबारात जाऊन आले. कारागीर मिळाले, फौज मिळाली नाही. दूरचा मित्र आधी स्वतःचे घर पाहतो, हा धडा टिपूला फार महागात पडला.

पुण्याचे काय झाले? 1780 मध्ये नाना फडणीसांनी हैदर आणि निजाम यांना बरोबर घेऊन इंग्रजांविरुद्ध फळी उभारली. दहाच वर्षांनी, 1790 मध्ये, पुणे दरबार इंग्रजांच्या बाजूने टिपूविरुद्ध उभा राहिला. त्या वेळचा हिशेब चुकीचा होता असे सहज म्हणता येत नाही, कारण टिपूशी मराठ्यांचेही वैर होते. पण 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि दक्षिणेतला एक पासंगच नाहीसा झाला. 1802 च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज पदरात घेतली. राखणदार परका झाला, की घरही हळूहळू त्याचेच होते. 1818 मध्ये पेशवाई बुडाली.

1947 नंतर स्वतंत्र भारतापुढे तोच प्रश्न नव्या वेषात आला. एकीकडे अमेरिका, दुसरीकडे सोव्हिएत रशिया. पंडित नेहरूंनी अलिप्ततेचे धोरण धरले. टीकाकार म्हणाले, हे तर मुलांचे तळ्यात-मळ्यात! पण त्या खेळाच्या खुणा महाराष्ट्रात आजही दिसतात. पवईची आयआयटी 1958 मध्ये सुरू झाली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीने. रशियन मिग विमाने बांधण्यासाठी नाशिकजवळ ओझरला कारखाना उभा राहिला. त्याच काळात तारापूरची अणुवीज केंद्रे अमेरिकन कंपनीने उभारली आणि 1969 मध्ये ती सुरू झाली. आणि रेशनच्या दुकानात येणारा अमेरिकेचा लाल गहू व मिलो आजच्या आजी-आजोबांना नक्की आठवत असेल.

मंडी मोहल्ल्यापासून जवळच, यादवगिरीत, या धोरणाचे एक फटफटते अपत्य जन्माला आले. चेकोस्लोव्हाकिया तेव्हा सोव्हिएत गोटातला देश होता. तिथल्या ‘जावा’ मोटारसायकली म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून बनू लागल्या. पुढे त्यांचेच ‘येझदी’ झाले आणि ती गाडी गावोगावच्या तरुणांच्या गळ्यातला ताईत बनली.

तिकडे कोडगू-चिकमगळूरच्या कॉफीला रशियाचे गिऱ्हाईक मिळाले. व्यवहार रुपयांत होई. डॉलर जोडायची चिंता नव्हती, त्यामुळे कॉफीच काय, चहा, औषधे, चामड्याचा माल असे बरेच काही रशियाला जात असे.

मात्र कोणताही आधार कायमचा नसतो. 1989 मध्ये जागतिक कॉफी करारातले कोटे स्थगित होऊन भाव कोसळले आणि 1991 मध्ये सोव्हिएत संघच नकाशावरून पुसला गेला. ठरलेल्या गिऱ्हाईकावर विसंबलेल्या व्यापाऱ्यांना पुन्हा ओनामा गिरवावा लागला. येझदीची कथा थोडी वेगळी. ऐंशीच्या दशकात कमी पेट्रोल पिणाऱ्या जपानी तंत्राच्या गाड्या आल्या. येझदी उसन्या घेतलेल्या जुन्या तंत्रावरच रेंगाळली. 1996 मध्ये कारखाना बंद पडला आणि कामगारांच्या चुली त्याबरोबर थंडावल्या. गाडी मजबूत होती, पण तेवढ्याने निभावले नाही.

याच्या उलट उदाहरणे पाहावीत. 1965-66 च्या दुष्काळात अमेरिकेने गहू हात आखडून, थोडाथोडा दिला. तो अपमान गिळून देशाने हरितक्रांतीची वाट धरली आणि स्वतःची कोठारे भरली. 1974 मध्ये पोखरणला अणुचाचणी झाली आणि पुढे अमेरिकेने तारापूरचे इंधन रोखले. तेव्हा ते फ्रान्सकडून मिळवले, नंतर चीन आणि रशियाकडूनही घेतले. दरम्यान आपल्या शास्त्रज्ञांनी नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या अणुभट्ट्या देशातच उभारल्या. अलिप्ततेचे खरे बळ इथे होते. ज्याच्या घरी चार पायली दाणे शिल्लक असतात, तोच दोन्ही सावकारांशी ताठ मानेने बोलू शकतो.

आज पाट्या बदलल्या आहेत, गणित तेच आहे. चीनचा माल आपल्या कारखान्यांना लागतो, पण 2020 मध्ये गलवानला त्याच चीनशी झालेल्या झटापटीत वीस भारतीय जवानांनी प्राण दिले. 2018 मध्ये रशियाकडून एस-400 ही क्षेपणास्त्र यंत्रणा घेण्याचा करार झाला. 2022 च्या युक्रेन युद्धानंतर रशियाचे स्वस्त तेलही मोठ्या प्रमाणात आले. त्या तेलाचा राग धरून अमेरिकेने ऑगस्ट 2025 मध्ये अनेक भारतीय वस्तूंवरची जकात 50 टक्क्यांवर नेली. दिल्लीतल्या निर्णयाची झळ तिरुपूरच्या शिलाई मशीनला, सुरतेच्या हिरे कारागिराला आणि आंध्रच्या कोळंबी उत्पादकाला पोचली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शेवटची मिग-21 विमाने हवाई दलातून निवृत्त झाली. साठ वर्षांहून जुना एक अध्याय संपला.

म्हणून दोन बलाढ्यांमध्ये तोल सांभाळणे हे केवळ मुत्सद्द्यांचे काम नाही. एकच गिऱ्हाईक, एकच पुरवठादार, एकच तंत्र यांवर न विसंबण्याची शिस्त कारखानदारालाही हवी आणि शेतकऱ्यालाही. नाहीतर तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, अशी गत व्हायला वेळ लागत नाही. आणि तोल जातो तेव्हा आधी पडतो तो हातावर पोट असलेला माणूस. त्याला सावरण्याची तरतूद धोरण ठरवणाऱ्यांनी आधीच करून ठेवायला हवी.

म्हैसूरच्या रस्त्यावर एखादी जुनी येझदी अजूनही धडधडत जाताना दिसते. मंडीतून निघून लष्कराकडे जायला तिला फार वेळ लागत नाही. मात्र टाकीत पेट्रोल भरलेले हवे आणि किल्ली आपल्याच खिशात हवी!