बंद घराची चोरी दिवसाची की रात्रीची?

धान कापून झालं की लांजी, किरनापूर, बालाघाट या पट्ट्यातल्या कित्येक घरांना कुलूप लागतं. माणसं कामाला नागपूरला, नाहीतर थेट हैदराबादला. परत येऊन पाहावं तर कोयंडा उचकटलेला, पेटी रिकामी. ठाण्यात विचारतात, कधी झालं? नेमकं तेच घरच्यांना सांगता येत नाही. शेजाऱ्यांनाही नाही.

शिक्षा मात्र या उत्तरावर ठरते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ प्रमाणे चोरीसाठी दिवसा घर फोडलं तर १० वर्षांपर्यंत कैद; सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी फोडलं तर १४ वर्षांपर्यंत. वेळ सिद्ध करायची सरकारी पक्षाने. कुणी पाहिलंच नसेल, तर संशयाचा फायदा आरोपीला. म्हणजे ज्या घरावर लक्ष ठेवायला कुणीच नाही, त्याच घरासाठी मोठी शिक्षा मागणं सर्वांत अवघड. हे मला मुळीच पटत नाही.

१८६० साली दंड संहिता झाली तेव्हा इंग्लंडातही रात्रच मोजली जायची. १९१६ च्या तिथल्या कायद्याने तर रात्र म्हणजे ९ ते सकाळी ६ असं ठरवून दिलं होतं. १९६८ च्या थेफ्ट ॲक्टने ती अट काढली, आणि दार फोडल्याचं दाखवण्याची अटही काढली. आता तिथे पाहतात ते एवढंच: हक्क नसताना इमारतीत शिरला का, आणि शिरताना मनात चोरीचा, कुणाला जबर इजा करण्याचा किंवा नासधुशीचा हेतू होता का. हेतू नंतर सुचला आणि आत चोरी केली, तरीही गुन्हा तोच. राहतं घर असेल तर १४ वर्षांपर्यंत, दुकान-गोदाम असेल तर १०. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, कलमांचे आकडे बदलले. रात्र होती तिथेच राहिली.

रात्रीचा विचार एका जागी योग्य आहे. अंधारात घर फोडून कुणी आत येत असेल तर कलम ४१ स्वसंरक्षणाचा फार मोठा अधिकार देतं, कारण झोपेतून उठलेल्या माणसाला समोरच्याच्या हातात काय आहे ते दिसत नाही. तो अधिकार तसाच राहावा. पण कुलूपबंद घरात झोपलेलं कुणी नसतंच.

कायदा बदलेपर्यंत रिपोर्ट तरी नीट लिहून घ्या. कलम ३३० मध्ये घरफोडीचे सहा प्रकार दिलेत आणि त्याखालची उदाहरणं फार बोलकी आहेत: भिंतीला भोक पाडून आत हात घालणं, दाराच्या फटीतून तार सारून कडी उचलणं, मालकाची हरवलेली किल्ली सापडली म्हणून तिने दार उघडणं. अंगाचा कुठलाही भाग आत गेला की प्रवेश झाला. कुलूप फुटलंच पाहिजे असं नाही. उलट, दार सताड उघडं होतं आणि चोर दिवसाढवळ्या सरळ चालत आला, तर ती घरफोडी ठरणं कठीण. मग गृह-अतिक्रमण आणि घरातली चोरी ही कलमं लागतात, त्यांत ७ वर्षांपर्यंत. म्हणून काय गेलं याची यादी देताना कडी लावलेली होती, ती कशी निघाली, हेही लिहून घ्या. धानाच्या कोठीचं दार आतून घरात उघडत असेल तर तेही सांगा, कारण मग ती कोठी कायद्याने घरच.

आणि काही गेलं नाही म्हणून रिपोर्टच द्यायचा नाही, ही आपल्याकडची सवय सोडा. चोरीच्या हेतूने घर फोडून आत शिरला, तिथेच गुन्हा पूर्ण झाला.

माझी मागणी साधी आहे. कलम ३३१ मधली वाढीव शिक्षा सूर्यास्ताला नव्हे, राहत्या घराला जोडावी. आणि पोटासाठी कुटुंब चार महिने बाहेर असलं तरी ते घर राहतंच धरावं, असं त्यात स्पष्ट लिहावं.